आजीबाईचा बटवा उघडताना

रात्रीचे दोन वाजले होते. बाहेर आमच्या चिपळूणचा पाऊस कोसळत होता आणि आत अठरा दिवसांची नात किंचाळत होती. रडणं निराळं आणि किंचाळणं निराळं, हे मूल वाढवलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. भुकेचं रडणं अंगावर घेतलं की थांबतं. हे थांबत नव्हतं. लेक तिला छातीशी धरून झुलवत होती आणि शू झाली की किंकाळी आणखी वर चढत होती. शेवटी दुपटं सोडून, दिवा लावून बघितलं. ढुंगणावर, जांघेत हळदीचा पिवळा लेप वाळून तडकला होता आणि त्या भेगांतून रक्ताचे दोन ठिपके वर आले होते.

तो लेप मी लावला होता.

मैत्रिणींनो, हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या आळीत बाळाला काही झालं की लेकी-सुना आधी माझ्याकडे येतात. 'काकू, पोटात दुखतंय वाटतं, काय देऊ?' 'काकू, अंगावर पुरळ आलंय, काय लावू?' दोन मुलं वाढवली, भाच्या-पुतण्यांची बाळंतपणं केली, त्यामुळे मलाही वाटायचं की आपल्या बटव्यात सगळ्याची उत्तरं आहेत. त्या रात्री कळलं, बटवा चांगलाच आहे. पण त्यात काय आहे हे नीट न बघता मी हात घालत होते.

सुरुवात झाली पावसानं

गेल्या पावसाळ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सिझेरियन झालं. बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा मी जय्यत तयारीत होते. जुन्या सुती साड्यांची दुपटी, मऊ लंगोट, सगळं घड्या घालून ठेवलेलं. पण कोकणातला जुलै! दोरीवरचे लंगोट तीन-तीन दिवस ओलसरच. पंख्याखाली घाला, इस्त्री फिरवा, तरी दमटपणा काही जाईना. बाळ दिवसात दहा-बारा वेळा शू करणार, सात-आठ वेळा शी करणार. पुरवठा पडेना. शेवटी जावयांनी पुण्याहून येताना डायपरची मोठी पाकिटं आणली आणि लेकीनं सुटकेचा श्वास टाकला. मीसुद्धा.

चूक डायपरची नव्हती, आम्ही ते वापरले कसे त्यात होती. रात्री दहाला घातलेला डायपर सकाळी सहालाच निघायचा. 'झोपलीय ना शांत, कशाला उठवायचं?' असं आम्ही दोघी एकमेकींना सांगायचो. बाराव्या दिवशी लाली दिसली. लेक म्हणाली, "आई, डॉक्टरांना फोन करू या का?"

"अगं, डायपरची लाली आहे. डॉक्टर कसले त्याला? तुला नाही वाढवलं मी?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला माझ्या सासूबाई आठवल्या. लेक लहान असताना त्या तिच्या जांघेत बोरिक पावडर भुरभुरायच्या. ती नको म्हणून मी रोज भांडायचे आणि त्या अगदी हेच म्हणायच्या, "नवऱ्याला नाही वाढवलं तुझ्या?" पण आठवण आली तेवढीच. मी खोबरेल तेलाची बाटली काढली.

तेलानं दोन दिवसांत काही फरक पडेना. शेजारच्या सुनेनं तिच्याकडची एक ट्यूब दिली. 'माझ्या मुलाला एका दिवसात गुण आला,' म्हणाली. लेकीला ती लावायची होती, मी लावू दिली नाही. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाचा पाला आणला, वाटला, त्यात डब्यातली हळद कालवली आणि दिवसातून तीनदा लेप द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी लाली उतरल्यासारखी वाटली. मी लेकीकडे बघून म्हटलंसुद्धा, "बघ!"

लाली उतरली नव्हती. हळदीच्या पिवळ्याखाली झाकली गेली होती.

डॉक्टर काय म्हणाल्या

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर होतो. बालरोगतज्ज्ञ बाई वयानं माझ्या लेकीएवढ्याच. त्यांनी दुपटं उघडलं आणि विचारलं, "काकू, हे पिवळं कशानं झालंय?" मी सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आधी धुऊन घेऊ या. खाली काय आहे ते दिसू तर दे."

कोमट पाण्यात कापूस बुडवून त्यांनी लेप हळूहळू भिजवून काढला. घासला नाही. खालची कातडी लालभडक, जांघेच्या घडीत तर सोलवटल्यासारखी. आणि त्या लालीच्या कडेनं, थोड्या अंतरावर, बारीक बारीक लाल ठिपके सुटे सुटे पसरलेले. मग त्यांनी बाळाच्या तोंडात बॅटरी मारली. जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे डाग होते. आम्ही दोघी ते दूध समजत होतो.

"दूध असतं तर पुसलं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "ही बुरशी आहे. कॅन्डिडा. तोंडात आहे आणि खालीही आहे."

ऑपरेशननंतर लेकीला अँटिबायोटिक्स दिली होती. ती बाळाला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला दिली गेली, की शरीरातले चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. त्यात रात्रभराचा ओलावा. वर पाल्याचा लेप वाळून कातडी ताणत होता, काढताना ती सोलवटत होती. लेपानं बुरशी आणली नाही, पण तिचं काम सोपं केलं. बुरशीचं मलम आणि तोंडात लावायचं औषध मिळालं. तिसऱ्या दिवशी लाली खरोखर उतरली. या वेळी झाकायला वर पिवळं काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मात्र आम्ही पुरे केले, मध्येच औषध सोडलं नाही.

शेजारणीच्या ट्यूबबद्दलही विचारलं. त्यांनी ती उलटून वाचली आणि बाजूला ठेवली. त्यात जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं. "लाली एका दिवसात जाते, कारण स्टेरॉइड ती दाबतं," त्या म्हणाल्या. बाळाची कातडी पातळ. वरून डायपरचं झाकण. म्हणजे औषध शरीरात शोषलं जातं, कातडी आणखी पातळ होते आणि बुरशी आतल्या आत वाढते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. तरी आपण शेजारणीकडून आणतोच. तर ट्यूबच्या बाबतीत मी बरोबर होते, पण तेही आंधळेपणानंच.

रॅश होतो तरी कसा?

त्या दिवशी मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला, जो कदाचित तुमच्याही मनात असेल. "मग माझ्या लेकीच्या वेळी नुसत्या खोबरेल तेलानं कसं बरं व्हायचं?"

त्यांनी उलट विचारलं, "तेव्हा लंगोट केव्हा बदलायचात?"

केव्हा म्हणजे काय? ओला झाला की! लंगोट ओला झाला की दुपटं ओलं, दुपटं ओलं की गादी ओली. बदलल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. रात्रीसुद्धा चार-पाच वेळा उठायचे.

"तेच औषध होतं, काकू. तेल थोडं, तुमचे हात जास्त."

त्यामागचं शास्त्र त्यांनी सांगितलं ते असं. निरोगी कातडी किंचित आंबट गुणाची असते. तो आंबटपणा तिचं कवच असतो. जन्मलेल्या बाळाच्या कातडीवर तो लगेच नसतो, पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू येतो. शू आणि शी एकत्र राहिली की शीतले जंतू शूमधल्या युरियाचा अमोनिया करतात. कातडीचा आंबटपणा जातो, ती क्षारयुक्त होते. आणि शीमध्ये अन्न पचवणारी जी द्रव्यं असतात, ती नेमकी अशा वेळी जागी होतात आणि कातडीच पचवायला लागतात. त्यात ओलाव्यानं फुगलेली कातडी कपड्यावर घासत असते. झाला रॅश तयार. जुलाब झाले की रॅश का वाढतो, हेही यावरून कळतं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कमी क्षारयुक्त असते, म्हणून त्यांना हा त्रास तुलनेनं कमी होतो.

आता ओळखायचं कसं? साधा रॅश कपडा जिथे टेकतो तिथे येतो. ढुंगणाच्या फुगीर भागावर, मांडीच्या वरच्या बाजूला. घड्यांच्या आत कातडी बहुधा बरी असते. बुरशीचा रॅश मात्र घडीतच शिरतो, लालभडक असतो आणि भोवती सुटे ठिपके असतात. दोन-तीन दिवसांत न उतरणाऱ्या रॅशवर बहुतेक वेळा बुरशी चढलेली असते. माझ्याकडे ही सगळी खूण समोर होती. मी ती पिवळ्या लेपानं लिंपून टाकली.

बटव्यातलं एकेक

घरी आल्यावर मी माझा बटवा खरोखर उघडून बसले. पुढच्या तपासण्यांना जाताना डॉक्टरांना एकेक विचारत गेले, मिळेल ते वाचत गेले. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

खोबरेल तेल : साध्या लालीवर हे चालतं. ते कातडीवर पातळ पडदा धरतं, ओलावा थेट लागू देत नाही. मात्र ते शुद्ध हवं. वासाचं, औषधी पाल्यांत उकळलेलं, केसांचं तेल नको. २००५ साली मुंबईत नवजात बाळांच्या मालिशीवर अभ्यास झाला, त्यात खोबरेल तेलानं मालीश केलेल्या मुदतपूर्व बाळांचं वजन चांगलं वाढलं होतं. पण तो अभ्यास वजनाचा, रॅशचा नव्हे. तेल कातडी सांभाळतं, बुरशीचं औषध म्हणून त्यावर विसंबू नये. आणि मोहरीचं तेल नकोच, त्यानं नाजूक कातडीची आग होते.

कोरफड : ही परसदारी कुंडीत असतेच. मलमाच्या रूपात तिचा उपयोग होतो असं दिसलंय. पण घरचं पान चिरून तसंच लावायचं नाही. पानाच्या सालीखाली पिवळा चिकट चीक असतो. तो आग करतो, पोटात गेला तर जुलाब करतो. शिवाय घरी काढलेला गर निर्जंतुक नसतो आणि तासाभरात खराब व्हायला लागतो. मोठ्या माणसाच्या भाजलेल्या बोटाला लावणं वेगळं आणि वीस दिवसांच्या बाळाच्या सोलवटलेल्या कातडीवर लावणं वेगळं.

कॅलेंड्युला : वनस्पतींपैकी रॅशसाठी जिचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय अशी ही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका अभ्यासात तीन वर्षांखालच्या ६६ मुलांवर कोरफडीचं क्रीम आणि कॅलेंड्युलाचं मलम यांची तुलना केली. दिवसातून तीनदा, दहा दिवस. दोन्हींनी फायदा झाला, कॅलेंड्युलाच्या गटात रॅशच्या जागा जास्त कमी झाल्या, त्रास कुणाला झाला नाही. मुलं थोडी होती आणि नुसत्या स्वच्छतेवर ठेवलेला तिसरा गट नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून 'रामबाण' म्हणता येत नाही. पण पाया आहे.

इथे एक मोठी फसगत होते, ती ऐका. कॅलेंड्युला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे! इंग्रजीत दोघांच्या नावात 'मेरीगोल्ड' येतं, म्हणून आपण एकच समजतो. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, झाडच वेगळं. जखमेवर झेंडूचा पाला चुरडून लावायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि बाळाला लावायला झेंडूच्या पाकळ्या वाटलेली एक सून मला स्वतः माहीत आहे. तसं करू नका. खरं कॅलेंड्युलाचं मलमसुद्धा आधी बाळाच्या मांडीवर टिकलीएवढं लावून एक दिवस थांबावं. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे, क्वचित कुणाला सोसत नाही.

हळद : हिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. स्वयंपाकात ती लक्ष्मी. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. सुट्या हळदीत रंग यावा म्हणून शिशाचा क्रोमेट मिसळल्याचे प्रकार आपल्या उपखंडात सापडलेत. उघड्या कातडीवर ती झोंबते. आणि सगळ्यात मोठा तोटा मी भोगला, तो म्हणजे ती रॅशचा रंग लपवते. डॉक्टरलाही काही दिसत नाही.

कडुनिंब : वाटलेला पाला खरखरीत असतो, वाळला की ताणतो. कडुनिंबाचं तेल तर तान्ह्या बाळाजवळ ठेवूच नये. औषध म्हणून पाजलेल्या या तेलानं बाळांना झटके येऊन जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. बाळाचा हात तोंडातच असतो, हे विसरायचं नाही.

कापूर आणि मेंदी : थंडावा म्हणून खोबरेलात कापूर घालतात. तो बाळाच्या कातडीतून शोषला जातो आणि झटके आणू शकतो. तान्ह्याला कापराचं काहीच लावू नये. मेंदी थंड म्हणून काही घरांत लावतात. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी मेंदीनं फुटतात, कावीळ वाढते. कुठल्या बाळाला ही कमतरता आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

यावरून आठवलं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा माळ्यावर होती म्हणून एक पेटी वाचली. त्यातल्या साड्यांची मी नातीसाठी दुपटी केली होती. पेटीत काय होतं? डांबराच्या गोळ्या! त्यांचाही रक्तावर तोच परिणाम होतो, कपड्याच्या वासातूनसुद्धा. नशीब की मी दुपटी दोनदा धुऊन, वास जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवली होती. आता पेटीत गोळ्या ठेवणं बंद केलंय. तुमच्याही पेट्या एकदा उघडा.

बोरिक पावडर : सासूबाईंशी भांडले ते बरोबर होतं, एवढं समाधान. सोलवटलेल्या कातडीतून बोरिक रक्तात जातं. गेल्या शतकात त्यानं बाळं दगावल्याचीही उदाहरणं आहेत. साधी टाल्कम पावडरही नको. ती उडते, श्वासातून फुफ्फुसात जाते आणि ओलाव्यानं घडीत गोळे होतात.

आईचं दूध : हे झाडपाल्यातलं नाही, पण फुकटचं आणि घरातलं, म्हणून सांगते. २०१३ मधल्या इराणच्याच एका अभ्यासात साध्या रॅशवर आईचं दूध सौम्य स्टेरॉइड मलमाइतकंच उपयोगी ठरलं. दोन थेंब लावून वाळू द्यायचं. बुरशीचा संशय असेल तर मात्र दुधाच्या भरवशावर राहू नये.

आणि या सगळ्यांच्या रांगेत नसलेलं, पण डॉक्टर पहिल्यांदा सांगतात ते म्हणजे जस्ताचं मलम, झिंक ऑक्साइड. नाही तर साधं पेट्रोलियम जेली. ही कातडी बरी करण्यापेक्षा राखण करतात. ओलावा बाहेर अडवतात आणि आत कातडी आपली आपण भरून येते. मला हे ऐकून थोडं वाईटच वाटलं. इतकी झाडं, इतका बटवा, आणि पहिला मान पांढऱ्या मलमाला! पण बाळाच्या ढुंगणाला आपल्या मानापमानाशी काय देणं-घेणं?

आमच्या घरचा नवा नेम

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. यातलं कुठलंच महाग नाही.

डायपर दिवसा दर दोन-तीन तासांनी बघायचा, शी झाली की त्याच क्षणी बदलायचा. रात्री अंगावर घ्यायला उठलं की हात घालून बघायचंच. जेलवाले डायपर कातडी कोरडी ठेवतात हे खरं, पण वेळेवर बदलले तरच. लंगोट वापरत असाल तर वरून प्लास्टिकची चड्डी नको.

धुवायला कोमट पाणी आणि कापूस. प्रत्येक शूला साबण लावायचा नाही. बाजारच्या ओल्या वाइप्स प्रवासापुरत्या, त्याही वासाच्या नकोत. पुसायचं नाही, मऊ कपड्यानं टिपायचं. मुलीला नेहमी पुढून मागे.

मग दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवायचं. खाली मेणकापड, वर दुपटं, आणि बाळ मस्त पाय उडवत पडलेलं. दिवसातून तीन-चार वेळा हा वारा मिळाला पाहिजे. धुरी किंवा शेगडी मात्र जवळ नको.

मग मलमाचा थर. पुढच्या वेळी शी तेवढी काढायची, स्वच्छ असलेला मलमाचा थर खरवडून काढायचा नाही. आधी मी तो रगडून काढायचे आणि त्यानंच कातडी जायची.

लंगोट धुताना पावडर कमी आणि पाणी जास्त. शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचे. जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. पावसाळ्यात पूर्ण वाळले नाहीत तर इस्त्रीनं कोरडे करायचे आणि तरी दमट वाटले तर तेवढे दिवस सरळ डायपर वापरायचा. त्यात कमीपणा नाही.

आणि डॉक्टरांकडे केव्हा? हे वाक्य कापून कपाटावर चिकटवा. दोन-तीन दिवसांत लाली उतरली नाही, घडीत शिरली, भोवती ठिपके आले, तोंडात पांढरे डाग दिसले, रक्त किंवा पू आला तर जायचं. तोंडाभोवती आणि खाली एकाच वेळी पुरळ दिसलं तरी जायचं, कारण क्वचित शरीरात जस्त कमी असल्याची ती खूण असते. पाण्याचे किंवा पुवाचे फोड, ताप, अंगावर न पिणं, मलूल पडून राहणं, यातलं काहीही महिन्याच्या आतल्या बाळाला झालं तर रात्र काढायचीच नाही, लगेच निघायचं. आणि जाताना बाळाला काही लावून न्यायचं नाही. स्वच्छ धुऊन, तसंच न्यायचं.

शेवटची गोष्ट

त्या सकाळी दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी गप्प होते. लेकही गप्प. मला वाटलं, आता ही माझ्या हाती बाळ देणार नाही. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "चुकलंच माझं. तू फोन करू या म्हणालीस तेव्हाच करायला हवा होता."

ती काही बोलली नाही. बाळाला घेऊन आत गेली. तासाभरानं आतून हाक आली, "आई, तिनं शी केलीय. तू धुतेस का? माझ्यानं घाईघाईत होतं, तुझा हात हलका आहे."

मी कोमट पाणी घेऊन गेले. कापूस भिजवला. टिपलं. वाऱ्यावर ठेवलं. लेक शेजारी बसून माझ्या हातांकडे बघत होती, आणि मी पहिल्यांदाच प्रत्येक गोष्ट का करतेय ते तिला सांगत होते. आईनं, सासूबाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. बटवा हातात दिला जातो, त्यातल्या पुड्यांवर नावं नसतात.

आता नात सरकायला लागलीय. दात येताना जुलाब झाले, तेव्हा परत थोडी लाली आली. लेकीनं पुण्याहून फोन केला. "आई, घडीत नाहीये, ठिपके नाहीयेत, तोंड स्वच्छ आहे. मलम लावलंय, उघडं ठेवलंय. उद्यापर्यंत बघते, नाही तर डॉक्टरांकडे नेते."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

"आणि हो," ती हसत म्हणाली, "हळद भाजीत घातलीय."